वरून दुसरं, खालून पहिलं

६ नोव्हेंबर, दुपारी, दुकानात शांतता आहे तोवर

जी कोणी हे पाकीट फोडेल तिला,

बाई, आधी बटण बघून घे. कागदाच्या घडीत आहे, घरंगळू नये म्हणून कार्डावर दोन टाके मारून बसवलंय. तपकिरी, चार भोकांचं, कडेला बारीक नक्षी. तू मागवलंस तेच आहे. आता तू खरोखरच अनोळखी गिऱ्हाईक असशील तर इथेच थांब, बाकीचा कागद केरात टाक आणि म्हातारीला माफ कर. बटण चांगलं आहे, तुझ्या कोटापेक्षा जास्त टिकेल.

गेली का ती? आता आपण बोलू.

टिचबटणा, तूच आहेस ना गं?

नाही म्हणू नकोस. माझ्याकडे पुरावे आहेत. तुझ्या आजीला शाळेने दोन वर्षांत घरी पाठवलं असेल, पण बटणांच्या डब्यांवरची अक्षरं वाचत वाचत मी वाचायला शिकले, आणि माणसं वाचायला काउंटरने शिकवलं. मला कोण फसवणार?

आपल्या बटणघराची साइट झालीये, हे तुला ठाऊक असणारच, कारण तिथूनच तू मागणी टाकलीस. मागणी आली की तुझी आई मोठ्याने वाचते आणि पाकीट मी बांधते. काय मौज असते म्हणून सांगू! मी इथे स्टुलावर, आणि कुठल्या कुठल्या गावची माणसं माझ्याकडे बटण मागतात. म्हणजे मागतील, साइट उघडली तर. कारण ती उघडायला लावून माणसाने अंघोळ करून यावी, तरी निम्मीच आलेली असते. पहिल्याच पानावर तुझ्या बापाचा फोटो आहे, डोक्यापासून गुडघ्यापर्यंत. त्याला मुद्दाम काउंटरच्या बाहेर आणून उभा केला, मागे डब्यांची भिंत. तो फोटो वरून खाली सरकत सरकत येतो. आधी डबे. मग टक्कल. टक्कल बराच वेळ. मग कपाळ, मग चष्मा, आणि मिशीपाशी आलं की गाडं अडतं. समोरची शिंपीण म्हणते, "आजी, मी मिशीच्या पुढे अजून गेलेली नाही."

तर मिशी ओलांडून, सगळी बटणं चाळून, शेवटी एकच बटण मागवणारं हे गिऱ्हाईक कोण? एक तर मायेचं माणूस, नाहीतर वेडं. तू दोन्ही आहेस.

शिवाय हे बटण. तुझ्या आजोबांनी एकदाच आणलं होतं, परत कधी मिळालं नाही. जेवढी होती ती सगळी तुझ्या हिरव्या कोटाला लावली आणि एक डब्यात उरलं. त्या एकाचा फोटो मीच हट्टाने साइटवर टाकायला लावला. एकुलतं एक बटण कोण घेणार म्हणून तुझी आई हसली होती. ज्याच्याकडे बाकीची आहेत तोच घेणार, दुसरं कोण!

आणि सगळ्यात पक्कं ते हे. मागणीखाली लिहिलंय, "वरून दुसरं." बाहेरचा माणूस म्हणतो, एक बटण द्या. आपल्याच दुकानात विचारतात, वरून कितवं? दुसरं म्हणजे छातीवरचं, सारखी उघडझाप, त्याला दोरा दुहेरी घ्यायचा. पोटावरच्याला मागून आधाराचं चिमुकलं बटण लावायचं. ही तुझ्या आजोबांची रीत, जगात दुसरीकडे कुठेच नाही. न विचारता "वरून दुसरं" लिहिणारं माणूस या घरातलंच असणार. मागवणाऱ्याच्या नावाच्या जागी नुसतं "ग्राहक" लिहून मला चकवतेस होय?

आता एक सांग, ते बटण हरवलं कसं? दोन वर्षांपूर्वी तू घर सोडून गेलीस त्या दिवशी मी आत आजारी पडून होते. दाराशी काय झालं ते मला आजवर कुणी धड सांगितलेलं नाही. मी विचारलं की तुझा बाप डबे पुसायला घेतो.

खरं काम राहिलंच. दुकानाचं नाव साइटच्या जगात तुझ्या ताब्यात आहे म्हणे. बाप हसला होता, "बटणं काय हवेतून विकणार का?" तेव्हा तू रागाने घेऊन ठेवलेलंस. आता त्यालाच साइट हवीशी झाली, आणि साइटला उसना पत्ता आहे, आगगाडीएवढा लांब, कुणाच्या लक्षात राहत नाही. नुसतं बटणघर टाकलं तर तुझं जुनं कोरं पान येतं, "लवकरच येत आहोत." साइट बनवणारा माणूस घरातही डोक्यावर टोपी ओढून बसतो, म्हणून मी त्याला टोपडेवाला म्हणते. तो मला समजावतो, "आजी, दुकान एका जागी आणि पाटी दुसऱ्या जागी. पाटीने दुकानाकडे बोट दाखवायचं असतं. बोट फिरवायची किल्ली पाटीच्या मालकाकडे."

मी म्हटलं, "म्हणजे मुलगी नांदते इकडे आणि नाव लावते तिकडचं?"

"तसंच समजा," म्हणाला.

तुझा बाप म्हणतो, तू नाव दाबून बसलीस. मी म्हणते, नाही. पण टिचबटणा, मला ते तुझ्याच तोंडून हवंय. तू सांगून टाक. लिहायचं नसेल तर लिहू नकोस. अजून एक बटण मागव, कुठलंही, म्हणजे मी समजेन.

ही चिठ्ठी घातलीये हे घरात कुणालाही माहीत नाही.

तुझी आजी


१९ नोव्हेंबर, सकाळी

टिचबटणा,

पत्ता पाकिटावरून आधीच उतरवून घेतला होता. मी एवढी भोळी नाही.

मागणी आली नाही. म्हणजे शिंपिणीची आली, पण ती रस्ता ओलांडून स्वतःच घेऊन गेली. तुझ्याकडून काही नाही. आता मला संशय येतो की ते गिऱ्हाईक तू नव्हतीसच. मग तो कोट दुसऱ्या कुणाच्या अंगावर आहे? कोट दुसरीला दिलास, आणि वर आपली रीतही शिकवलीस? की तूच आहेस, चिठ्ठी वाचलीस आणि गप्प बसलीस? यातलं कुठलं जास्त वाईट, ते मला ठरवता येत नाहीये.

घरात सगळे संशयाने भरलेत. मीही, खोटं कशाला बोलू.

टोपडेवाल्याचंच बघ. साइट एवढी संथ का, विचारलं की म्हणतो, "फोटो जड आहेत." फोटो जड कसा असेल? त्याला कागदसुद्धा नाही! मी म्हटलं, हा मुद्दाम दाबून ठेवतोय. तर त्याने मला दुकानातल्या कॉम्प्युटरच्या मशीनवर एका बटणाचा फोटो मोठा करून दाखवला. मोठा, अजून मोठा, शेवटी भोकाच्या कडेला अडकलेलं कापसाचं तूस दिसायला लागलं. "आजी, एकेक बटण भिंतीवर लावण्याएवढं ठेवलंय, तेही दोन्ही बाजूंनी. बघणाऱ्याच्या फोनला हे सगळं ओढून आणावं लागतं. लहान करतो म्हटलं की तुमची अट आडवी येते."

अट माझीच आहे. बटणाची पाठ बघितल्याशिवाय घेऊ नये. पुढून सगळीच गुळगुळीत, खरं-खोटं पाठीकडून कळतं. म्हटलं, "लहान कर, पण पाठ काढायची नाही." त्यावर तो हो म्हणाला. फार लवकर हो म्हणाला, म्हणून मला परत संशय.

तुझी आई हल्ली फोन उलटा ठेवते. टेबलावर ठेवला की काच खाली. मी जवळ गेले की हात ठेवते त्याच्यावर. तुझ्याशी बोलते का ती? बोलत असेल तर मला आनंदच आहे, पण मला वगळून का?

आणि तुझा बाप. काल जेवताना म्हणाला, "आई, ती ते नाव एक दिवस दुसऱ्याला देईल. लोक बटणघर म्हणून येतील आणि त्याच्या दारात जातील."

"ती तशी नाही रे."

"तू बघितलंस तिला गेल्या दोन वर्षांत?"

वकिलाकडून नोटीस लिहून आणलीये त्याने, तुझ्या नावाची. आणि नाव मिळालं नाही तर पाटीच बदलायची म्हणतो. पेंटरला सांगून ठेवलंय. आठ डिसेंबरला येणार. आजोबांनी चढवलेली पाटी उतरवणार, नवीन नाव रंगवणार. कुठलं नाव, विचारलं तर म्हणाला, "काहीतरी बघू." दुकानाला "काहीतरी" नाव! बारशाला असं कुणी बोललं असतं तर तुझ्या आजोबांनी ताटावरून उठवलं असतं.

बये, तुला काय करायचंय ते मी टोपडेवाल्याकडून काढून घेतलं. त्याला वाटलं म्हातारीला कौतुक आहे. नावाच्या खात्यात शिरायचं आणि दोन नोंदी बदलायच्या. एक आकड्यांची, एक अक्षरांची. एक नुसत्या नावाची, दुसरी त्याच्या पुढे ते तीन सारखे नागमोडी डबल्यू लागतात तिची. दोन्ही बदलायच्या, नाहीतर दुकानाला दोन दारं आणि एकाला कुलूप. दोन्ही नोंदी वेगळ्या कागदावर उतरवल्यात. मला ती इंग्रजी अक्षरं वाचता येत नाहीत. रुमालावर नक्षी उतरवतात तशी एकेक रेघ बघून काढलीये. तीनदा ताडून पाहिली. टिंबंसुद्धा.

तू दुसरं दुकान काढत असशील तर तेही सांग. मी रागावणार नाही. खोटं लिहिलं, रागावेन. पण सांग.

आजी


२७ नोव्हेंबर, दुकान बंद केल्यावर लगेच

अगं ऐक, ऐक, चोर सापडला!

घाईत लिहितेय, अक्षर सांभाळून घे. क्रमाने सांगते, नाहीतर माझ्या गोष्टीत आधी लग्न आणि मग साखरपुडा होतो.

आज टोपडेवाला साइटची नाडी बघायला आला. कोण येतं, किती वेळ थांबतं, कुठून परत जातं, सगळं त्याला दिसतं. मला आधी ठाऊक असतं तर मी रोजच त्याच्या मागे बसले असते. म्हणाला, "आजी, लोक मिशीपर्यंतही थांबत नाहीत. टक्कल आलं की पळतात."

तुझा बाप तिथेच दोऱ्याची रिळं लावत होता. त्याने एक रीळ आपटलं.

"पण एक माणूस रोज शेवटपर्यंत थांबतो," टोपडेवाला म्हणाला. "सगळं पान उतरेपर्यंत. साधारण दुकान बंद व्हायच्या सुमाराला."

मी टाळीच वाजवली. "माझी नात!"

"नाही हो आजी. हा माणूस लांबून येतच नाही. याच दुकानातल्या इंटरनेटवरून येतो. ते एकुलतं बटण मागवलं ना, तेही इथूनच."

टिचबटणा, स्टूल हललं माझ्याखाली. एवढे दिवस मी पुरावे कवटाळून बसले होते, आणि मागणी आमच्याच घरातली! "घरातलंच माणूस" हे मी बरोबर धरलं होतं, फक्त माणूस चुकलं. म्हणजे माझी पहिली चिठ्ठी तुला मिळाली तेव्हा तू काहीच मागवलेलं नव्हतंस, आणि वर मी तुला चकवतेस म्हणाले. काय वाटलं असेल तुला! हसलीस की नाही?

मग कोण? मी थेट तुझ्या आईला गाठलं. "सूनबाई, फोन सरळ कर."

तिने इकडेतिकडे पाहिलं. "आई, हळू बोला."

"का म्हणून हळू? तूच मागवलंस ना बटण?"

"कुठलं बटण?" तिने फोन सरळ केला. काचेवर कोळ्याने जाळं विणावं तशा चिरा. "अहो, पायरीवर पडला माझ्या हातून. यांना कळलं तर महिनाभर ऐकवतील, म्हणून उलटा ठेवते."

खरं सांगते, मी तिची माफी मागितली नाही, पण दुपारचा चहा मी केला. ती समजली.

राहिला एक. संध्याकाळी दार ओढायच्या आधी तुझा बाप मशीनसमोर जाऊन बसला. मी सुया मोजायच्या निमित्ताने मागे. त्याचाच फोटो त्याच्याच समोर कणाकणाने उतरत होता, पण त्याचं लक्ष खालच्या चौकटीवर, मागणी येते तिथे. हात मांडीवर, दवाखान्यात बसतात तसा.

"कुणाची वाट बघतोस?"

दचकला. "साइट चालते का बघतोय."

"रोज?"

"रोज बघावं लागतं."

"आणि 'वरून दुसरं' कुणी लिहिलं?"

तुझा बाप मनातलं लपवायला लागला की त्याचे कान हलतात, लहानपणापासून. हलले.

"तुला कसं कळलं तिचं वरून दुसरं बटण नाही ते? मला ठाऊक नाही, तिच्या आईला ठाऊक नाही."

त्याने खण उघडला. आतून कागदाची पुडी काढली, पुडीतून अर्धं तपकिरी बटण. बरोबर मधोमध तुटलेलं.

"जाताना मी कोट धरला तिचा," म्हणाला. "थांबवायला. ओढला नाही, आई. नुसता धरला."

"धरण्यात आणि ओढण्यात एका बटणाचाच फरक असतो रे," मी म्हटलं.

तर टिचबटणा, दाराशी काय झालं ते मला असं कळलं. तुम्हा दोघांनाच माहीत होतं, आणि दोघांनीही जीभ आवळून धरलीत. नाव कुणाच्या मालकीचं हे शोधताना टोपडेवाल्याला तुझा पत्ता मिळाला. तो तुझ्या बापाने नोटिशीसाठी मागून घेतला. नोटीस अजून त्याच खणात आहे, पाकीट चिकटवलेलं. त्या पत्त्यावर नोटीस गेली नाही, बटण गेलं. आणि ते सरळ पाठवायची लाज वाटली म्हणून आपल्याच दुकानातून, आपल्याच संथ साइटवर, अनोळखी गिऱ्हाईक होऊन मागवलं! वर मलाच बांधायला लावलं! मी एवढी हसले की खोकला आला. मग रडूही आलं, पण आधी हसले.

पण हट्ट सुटत नाही. मी म्हटलं, "आता ते पेंटरचं रद्द कर." तर म्हणतो, "नाही आई. तिने नाव घेतलं तेव्हा मी गिऱ्हाइकांसमोर हसलो तिला. आता कुठल्या तोंडाने मागू? तिचं नाव तिला राहू दे. मी पाटी बदलतो."

बघ, आधी संशयाने पाटी उतरवणार होता, आता शरमेने. पाटीला काय फरक पडतो? ती खालीच येणार.

आणि एकदा ती उतरली की तुझ्या हातातलं नाव कशाचंच उरणार नाही. बोट असेल, दाखवायला दार नसेल. तू कधी परत या रस्त्याला आलीस तर "काहीतरी" नावाच्या दुकानासमोरून सरळ पुढे निघून जाशील. मला झोप त्यानेच येत नाहीये.

दोन नोंदी. आठ तारखेच्या आत. आणि ते बटण लावून टाक, उघड्या छातीने थंडीत हिंडू नकोस. बापाने पाठवलंय म्हणून लावायचं नसेल तर मी बांधलंय म्हणून लाव.

मी तुला लिहिते हे त्याला अजून सांगितलेलं नाही. त्याने विचारलं होतं, "पाकिटात बटणाशिवाय काय घातलंस?" मी म्हटलं, "दोरा." त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. संशयी स्वभाव त्याने कुणाकडून घेतला कोण जाणे.

आजी


१० डिसेंबर, सकाळ, ऊन काउंटरवर आलंय

माझ्या टिचबटणा,

परवा पेंटर आला. शिडी लावली, वर चढला, पाटीच्या खिळ्याला हात घातला. मी खाली शिडीचा पाय धरून उभी. मदत म्हणून नाही, उशीर व्हावा म्हणून. सारखी म्हणत होते, "हलतेय रे, हलतेय, उतर, नीट लाव." बिचारा दोनदा उतरला.

तेवढ्यात समोरून शिंपीण ओरडत आली, फोन उंच धरून. "आजी! नुसतं बटणघर टाकलं आणि टक्कल आलं!"

रस्त्यातली माणसं वळून बघायला लागली. तुझा बाप बाहेर डोकावला. "काय आलं?"

"तुमचं, काका!"

तो धावत मशीनकडे. नाव टाकलं. तेच कोरं पान, "लवकरच येत आहोत." चेहरा पडला त्याचा. "हिच्याकडे उसन्या पत्त्याने उघडलं असेल. किंवा टोपडेवाल्याने काहीतरी जुगाड केलंय." मलाही तेच वाटलं, खोटं नाही सांगत. त्याला फोन लावला.

"काका, माझ्याकडे किल्ली कधी नव्हतीच," टोपडेवाला म्हणाला. "ज्याच्याकडे आहे त्यानेच बोट फिरवलंय. सगळीकडे पोचायला वेळ लागतो, आज एकाला दिसेल, उद्या दुसऱ्याला. शिवाय तुमचं मशीन जुनं पान धरून बसलंय, सोडत नाहीये."

"मालकावर गेलंय," मी म्हटलं.

त्याने फोनवरून काय काय दाबायला सांगितलं. जुनं धरलेलं सोडायला लावलं. डबल्यूचं दार उघडलं आणि नुसत्या नावाचं नाही. पेंटर वरून विचारतोय, "काका, उतरवू का?" तुझा बाप आतून ओरडतोय, "थांब जरा!" मग मी तुझ्या आईच्या फोनवर पाहिलं तर नुसत्या नावाचं दारही उघडं, आणि मशीन अजून नाहीच म्हणतंय. एवढा गोंधळ, की शिंपीण एका हाताने फोन आणि एका हाताने शिडी धरून उभी. शेवटी मशीनवरचं कोरं पान गेलं, डबे आले, आणि मग सावकाश, अगदी सावकाश, टक्कल.

तुझा बाप खुर्चीवरून उठलाच नाही. चष्मा काढून पुसला. घातला. परत काढला.

"काका, पाटी?" पेंटर.

"पुसून घे."

"पुसू? म्हणजे नाव खोडू?"

"धूळ पूस रे, धूळ!"

आता बटणांचे फोटो टोपडेवाल्याने हलके केलेत. आधी लहान दिसतात, बोट लावलं की मोठे होतात, आणि पाठ आहे. मी एकेक तपासलं. राहिला होता फक्त तुझ्या बापाचा मोठा फोटो. तो काल हलका करणार होता.

तर काल सकाळी मागणी आली. तुझ्या आईने मोठ्याने वाचायला घेतली आणि मधेच थांबली. फोन माझ्या हातात दिला. मी चिरांमधून वाचलं.

मागवणाऱ्याचं नाव: टिचबटण. पाठवायचा पत्ता: आपल्याच दुकानाचा. काळं बटण, एक. खाली लिहिलेलं, "खालून पहिलं. बाबांच्या स्वेटरचं."

मी म्हटलं, "अरे, इकडे ये. काउंटरच्या बाहेर ये."

"का?"

"ये म्हणते ना."

आला. स्वेटरचं सगळ्यात खालचं बटण नाही. दोऱ्याचं टोक लोंबतंय. कधी पडलं त्याला ठाऊक नाही, मला नाही, त्याच्या बायकोला नाही. दिवसभर काउंटरच्या आड उभा, कोण बघतं? जन्मभर लोकांना बटणं विकणारा माणूस, आणि स्वतः असा!

मग मी डोकं लावलं. मी तुला तीन चिठ्ठ्या लिहिल्या, त्यात हे कुठे नव्हतं. असणार कसं, मलाच ठाऊक नव्हतं. मशीनवर जाऊन फोटो उघडला आणि वाट बघत बसले. डबे, टक्कल, कपाळ, चष्मा, मिशी. गळा. वरून पहिलं बटण. दुसरं. लोक पळून जातात तिथून कितीतरी खाली, अगदी शेवटी, सगळ्यात उशिरा येणारी पट्टी आली, आणि तिथे ते दोऱ्याचं टोक.

टोपडेवाल्याला विचारलं. म्हणाला, "हो आजी, आणखी एक माणूस शेवटपर्यंत थांबायला लागलंय. लांबून. रोजच येतंय."

आपल्याकडे वरून मोजतात. तू खालून मोजलंस. लहानपणी तू काउंटरच्या खाली डबे उलटे करून बसायचीस, तिथून तुला तुझ्या बापाचं तेच एक बटण दिसायचं. मला आठवलं. त्यालाही आठवलं असणार, कारण कान हलले.

मी रीतसर पाकीट बांधलं. कार्डावर दोन टाके मारून बटण बसवलं, काउंटरवरून त्याच्याकडे सरकवलं आणि गिऱ्हाइकाला विचारतात तसं विचारलं, "वरून कितवं?"

"खालून पहिलं," तो म्हणाला.

"दे, मी लावते."

"नको. तिने मागवलंय, तिची वस्तू आहे. ती येऊन लावेल." पाकीट त्याने खणात ठेवलं, अर्ध्या बटणाच्या पुडीशेजारी. नोटीस बाहेर काढून मला दिली. पाठकोरी आहे, तिच्यावरच मी हे लिहितेय. चांगला कागद वाया कशाला घालवा?

टोपडेवाला फोटो हलका करायला आला तर तुझा बाप म्हणाला, "हा राहू दे."

"काका, पण याच्यामुळेच पान अडतं!"

"अडू दे."

त्याने टोपी आणखी खाली ओढली आणि गेला. आज सकाळपासून तुझा बाप काउंटरच्या बाहेर उभा आहे, स्वेटरचं खालचं टोक उघडं ठेवून. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक सांगतं, "काका, तुमचं बटण." तो म्हणतो, "हो, ठाऊक आहे. मागवलंय."

घाई करू नकोस. थांबायची सवय त्या साइटने आम्हाला लावलीये. पण येशील तेव्हा हिरवा कोट घालूनच ये. वरून दुसरं बटण तू दुहेरी दोऱ्याने लावलंस की नुसतं टाचलंस, ते मी पाठीकडून बघणार आहे.

तुझी आजी